मदत हवी आहे: लग्नाच्या व्हिडिओचं कोटेशन दीड लाखावर गेलंय, कुठे कात्री लावू?

करवली

बहिणीचं लग्न कराडला कार्यालयात आहे. आदल्या संध्याकाळी साखरपुडा आणि सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी सकाळी हळद, १२.३५ चा मुहूर्त, जेवणं, पाठवणी. रिसेप्शन नाही. पाहुणे साडेतीनशे. पुण्याच्या टीमचं नुसत्या व्हिडिओचं कोटेशन:

ट्रॅडिशनल (सगळे विधी सलग), २ दिवस: ३०,०००
सिनेमॅटिक (निवडक क्षण, सिनेमासारखे), २ दिवस: ५०,०००
ड्रोन: १०,०००
दोन एलईडी वॉल (मोठे पडदे) आणि लाइव्ह मिक्सिंग (कॅमेऱ्यांची चित्रं तिथल्या तिथे जोडून दाखवणं): २८,०००
प्रवास आणि राहणं: १२,०००

वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५३,४००. तीन तासांची फिल्म, पाच मिनिटांचं हायलाइट, टीझर आणि पाच रील यातच आलं. बजेट सगळं धरून ८०,००० आहे. चुलतभाऊ म्हणतो, ट्रॅडिशनल काढून टाका, ड्रोन ठेवा, बाकी आयफोनवर होईल. काय करावं?

मोनोपॉड

चुलतभावाच्या बरोबर उलट करा. ड्रोन कार्यालयाच्या छताखाली काय दाखवणार? पत्रा आणि पार्किंग. तो काढा, दोन्ही वॉल काढा. सिनेमॅटिकवाला फक्त लग्नाच्या दिवशी बोलवा; साखरपुड्याला ट्रॅडिशनलवाला पुरे. दर निम्मा धरला तर ३० + २५ + १२ = ६७,००० आणि जीएसटीसह ७९,०६०. एक माणूस मुक्कामाला कमी झाला की प्रवासखर्चही घासाघीस करून खाली येतो.

ट्रॅडिशनल का ठेवायचं, तर सिनेमॅटिकवाला तुकडे टिपतो. मेंदी, बांगड्या, डोळ्यातलं पाणी. सप्तपदीची सात पावलं सलग हवी असतील तर तो त्या वेळी खालून पायांचा क्लोजअप घेत असतो.

ज्यावर पैसे वाचवू नका ते म्हणजे आवाज. कोटेशनमध्ये त्याचा शब्दही नाही, बघा. कॅमेऱ्यावरचा माइक दहा फुटांवरून कार्यालयाचा भोंगा आणि घुमारा तेवढा पकडतो, मंगलाष्टकांचे शब्द कळत नाहीत. दोन गोष्टी लेखी मागा. एक, कॉलरचा माइक गुरुजींच्या उपरण्याला, टेपने पक्का. सैल राहिला तर रेशमाची खसखस तेवढी ऐकू येते. दोन, साउंडवाल्याच्या मिक्सरच्या लाइन आउटमधून वेगळ्या रेकॉर्डरवर वायर. रेकॉर्डरला इनपुट ‘लाइन’ लावायचा, ‘माइक’ नाही, नाहीतर आवाज फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायला सांगा. शेवटच्या ‘सावधान’ला वाजंत्री एकदम सुटते, तेवढी जागा वर लागतेच.

अक्षता_४४०

मुहूर्ताच्या कॅमेऱ्याबद्दल. अंतरपाट दूर झाला की दोन्ही चेहरे दिसायला हवेत, म्हणजे कॅमेरा कापडाच्या कडेसमोर, बाजूने. ती जागा आदल्या दिवशी गुरुजींना विचारून ठरवा आणि स्टँड उंच लावायला सांगा, कारण अक्षता टाकायला मंडळी स्टेजवर चढली की लेन्ससमोर फक्त फेटे. जुन्या डीएसएलआरवर सलग रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतं. मंगलाष्टकं लांबली तर नेमका मुहूर्तच सुटेल. मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी बंद करून पुन्हा चालू करा, एवढंच सांगायचं.

वॉल सरसकट काढू नका. साडेतीनशेत मागच्या रांगांना स्टेज दिसत नाही आणि मग सगळे पुढे येतात. एक ठेवा, दुसरी काढा. त्यांना विचारा की लाइव्ह मिक्सिंगचं रेकॉर्डिंग देणार का. दोन्ही कॅमेऱ्यांची जुळवाजुळव तिथल्या तिथे झालेली असते, तीच तुमची लांब फिल्म. मग तीन तासांच्या एडिटिंगचे पैसे कापून घ्या.

मोनोपॉड

बरोबर, पण मिक्सिंग करणाऱ्याची चूक कायमची त्यात बसते. कॅमेऱ्यांची मूळ कार्डंही हातात असली पाहिजेत. आणि ८० मध्ये बसायचं असेल तर वॉलच्या बदल्यात टीझर आणि रील सोडावे लागतील. मला तो सौदा वाईट वाटत नाही, रील तर भावंडं करतीलच.

करवली

दोघांचेही आभार! कराडचाच ट्रॅडिशनलवाला आणि पुण्याचा सिनेमॅटिक असं केलं तर? स्थानिक दर कमी आहे. आणि आयफोनचं फुटेज मधे घालता येईल ना?

मोनोपॉड

येईल, पण एडिटिंग कोण करणार हे आधी ठरवा. दोघेही ‘त्याचं फुटेज नीट नव्हतं’ म्हणून हात वर करतात. दोन्ही कॅमेऱ्यांना आणि फोनलाही सेकंदाला २५ फ्रेम लावा. आयफोनवर ‘पीएएल फॉरमॅट दाखवा’ हे सेटिंग चालू केल्यावर २५ चा पर्याय दिसतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरला ट्यूबलाइट लुकलुकतात. शटर १/५०. मंडपाचं कापड लाल-केशरी असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर नको. हळदीत नवरी आधीच पिवळी, त्यात ऑटोने अर्ध्या शॉटमध्ये निळी करून ठेवली तर जुळवताना तास जातात आणि ते तुमच्या बिलात येतात.

फोन विमान मोडवर, लेन्स पुसून. फुटेज व्हॉट्सॲपवर पाठवू नका, फाइल आकसते. केबलने घ्या.

अक्षता_४४०

हार्ड डिस्क तुमची द्या. ४के रेकॉर्डिंगला १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) धरलं तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे आठ तास म्हणजे ७२० जीबी, तेव्हा १ टीबी घट्ट होईल, २ टीबीची घ्या. हायलाइटला सिनेमातलं गाणं लावलं की यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो, कधी व्हिडिओ अडवलाही जातो. वापराचा परवाना असलेलं संगीत मागा, किंवा मंगलाष्टकांचा तोच साफ आवाज लावा. पैसे तीन हप्त्यांत: बुकिंगला, लग्नाच्या दिवशी आणि उरलेला तिसरा भाग डिस्क उघडून फाइल चालताना बघितल्यावर.