भागतंय ना, मग गप बसायचं का?

माळावरचा: काल एकानं इथं लिहिलं, "सोलापुरात होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरनं विमान उडालं, भागलं ना, आता बोरामणीच्या नव्या मोठ्या विमानतळाचं रडगाणं बंद करा." डोकं फिरलं वाचून. जून २०२३ ला विमानाला आडवी येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, एवढा राडा झाला, आणि मिळालं काय तर एटीआरसारखं छोटं विमान उतरेल एवढी धावपट्टी. आता बोरामणीचं नाव कोण काढणार? कामचलाऊ मिळालं की चांगलं कायमचं मेलं, हे माझं म्हणणं.

कडकभाकरी: काय बे, बोरामणी माळढोक पक्ष्याच्या वनजमिनीत अडकलं ते विसरलास का? तोवर काय हवेकडं बघत बसायचं? माझा भाऊ गोव्याला कामाला, रात्रभर एसटीत हाडं मोडून घ्यायचा. २०२५ ला विमान चालू झालं, आता जेवायला घरी पोचतो.

पुस्तकी: हर्बर्ट सायमन वाचा, १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल. माणूस सगळे पर्याय तपासत बसतच नाही, गरज भागवणारा पहिला सापडला की घेतो, कारण वेळ आणि माहिती दोन्ही तोकडी.

शेंगाचटणी: त्या नोबेलवाल्याला आमच्या गल्लीत पाणी भरायला पाठवा!! उजनी ११७ टीएमसीचं धरण, आणि नळ चार-पाच दिवसांनी, तोही रात्री कधीतरी. विमान कसलं घेऊन बसलात.

माळावरचा: तेच तर म्हणतोय! ज्याला परवडलं त्यानं जमिनीत हौद बांधला, वर सिंटेक्सची टाकी, मोटर लावली की झालं. त्यांचं भागलं, म्हणून रोज पाणी द्या म्हणून ओरडणारे निम्मे गळाले.

शेंगाचटणी: अन् ज्याच्याकडं हौद नाही तो? भाड्याच्या खोलीत आई बॅरल, घागरी, पातेली सगळं भरून ठेवायची, शेजारच्या मोटरनं आमच्या नळाची धार तुटायची. हौदवाल्यांनी मोर्चात यायचं सोडलं, हे मात्र खरंय.

कडकभाकरी: म्हणजे हौद बांधला हा पण गुन्हा? मी बांधलाय, पोरांना तहानलेलं ठेवून आंदोलन करू का? तू आधी तुझी मोटर काढ, मग शिकव.

माळावरचा: माझ्या मोटरचा काय संबंध?

शेंगाचटणी: हाय म्हणजे मोटर. बरं.

पुस्तकी: सायमन हेच सांगत होता.

कडकभाकरी: तू गप रे. माळावरच्या, बोरामणीसाठी निवेदन लिही, सही करतो. गोव्याचं तिकीट मात्र आधी काढणार.