प्रतिसाद: मसाला केकवरचं ग्लेझ ओघळतंय
तुम्ही लिहिलंत की केक चवीला छान झाला, पण ग्लेझ, म्हणजे वरून ओततो तो पिठीसाखर-दुधाचा लेप, पातळ होऊन सगळं ताटलीत उतरलं. केक गरम असतानाच ओतलंत का? ठाण्याच्या या पावसाळी हवेत माझा केक पूर्ण निवायला दोन तास तरी लागतात. तळाला हात लावून बघा, जरा कोमट लागला तरी थांबा. दुसरं म्हणजे दूध. एक कप पिठीसाखरेला मी आधी एकच मोठा चमचा दूध घालते, मग लागेल तसं थेंबथेंब. चमच्यावरून जाड धार पडली पाहिजे. घरी दळलेली साखर ओल धरते आणि तिच्या गुठळ्या होतात, म्हणून ऐनवेळी दळून चाळून घ्या.

मसाल्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तुम्ही म्हणता ती अर्धा चमचा लवंगपूड दोन कप मैद्याला फार होते, बाकी सगळे स्वाद झाकून टाकते. मी चिमूटभरच घालते. दालचिनी दोन चमचे, सुंठ एक, जायफळ ताजं किसून पाव चमचा. इथल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून अख्खी दालचिनी आणून घरी कुटली, की केक भाजताना वास पार जिन्यापर्यंत जातो! आणि एकदा ग्लेझमध्ये दुधाऐवजी संत्र्याचा रस घालून बघा, सुंठीशी फार सुरेख जमतो.