मदत हवी आहे : जन्माने अमेरिकन, पासपोर्ट भारतीय

मुलीचा जन्म 2006 चा, न्यू जर्सीचा. आम्ही दोघे तेव्हा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर होतो. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंद केली, भारतीय पासपोर्ट घेतला आणि ती दीड वर्षाची असताना पुण्याला परतलो. अमेरिकन पासपोर्ट कधीच काढलेला नाही. आता तिला तो हवा आहे.

अमेरिकेच्या बाजूची अडचण दिसत नाही : मूळ जन्मदाखला आहे, डीएस-11 हा पासपोर्टचा अर्ज भरून मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत तिला स्वतः जावं लागेल. घोर आहे तो इकडचा. नागरिकत्व कायदा 1955, कलम 4(1अ) म्हणतं की सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत परकीय नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व संपतं. ती मुदत गेली, आम्हाला हे कलमच माहीत नव्हतं. दोन वकिलांना विचारलं, दोन वेगळी उत्तरं मिळाली.

ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं, भारतात कायम राहू देणारं कार्ड) घेतल्यावर अखिल भारतीय प्रवेश परीक्षांमधून प्रवेश एनआरआय किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जास्तीच्या) जागांवरच मिळतो, हे ठाऊक आहे. ती आत्ता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिक्षण मोडायचं नाही.

अशा प्रकरणातून प्रत्यक्ष गेलेल्यांनी कृपया सांगा : अमेरिकन पासपोर्ट हातात आल्यापासून ओसीआय मिळेपर्यंत तिचं भारतातलं राहणं कायदेशीर कसं ठेवलंत, आणि भारतीय पासपोर्ट जमा करताना नागरिकत्व संपल्याची तारीख कोणती लिहिलीत?