‘फुकटचे वाचून पीएचडी होत नाही’ या विधानाला माझे उत्तर

काटोल रोड :

गेल्या आठवड्यात ‘रामदासपेठी’ या नावाने लिहिणाऱ्या सरांनी या चर्चामंचावर लिहिले की, आजचे संशोधक विद्यार्थी मोबाईलवर जे फुकट उघडते तेवढेच वाचतात, ओपन ॲक्सेस (वाचकाला मोफत खुले) जर्नल म्हणजे पैसे भरून छापून घेण्याचा बाजार आहे, आणि अशा निबंधांच्या आधाराने लिहिलेला प्रबंध परीक्षकाने परत पाठवावा. त्याखाली बऱ्याच जणांनी ‘सहमत’ एवढेच लिहून विषय संपवला. मी दोन दिवस गप्प राहिले, पण हा आरोप माझ्यासारख्या कितीतरी मुलामुलींच्या चार-पाच वर्षांच्या कष्टांवर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी वनस्पतिरोगशास्त्रात पीएचडी करते. काटोल आणि नरखेड तालुक्यांतील संत्रा बागांमधला डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक ओघळण्याचा रोग, हा माझा विषय आहे. माझे संशोधन केंद्र एका खासगी महाविद्यालयात असून तेथे परदेशी जर्नलची वर्गणी कधीच भरली गेलेली नाही. पहिल्या वर्षी जो निबंध उघडावा त्याच्या सारांशाखाली डॉलरमध्ये किंमत दिसायची, आणि एका निबंधाचे पैसे माझ्या महिन्याभराच्या डब्याच्या पैशांच्या घरात जायचे. मग मी तेच केले जे सगळे करतात आणि कोणी कबूल करत नाही : सारांश वाचला आणि संदर्भ टाकून दिला.

त्यातला एक संदर्भ माझ्या चांगलाच अंगाशी आला. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मातीत मिसळल्याने रोग लक्षणीय कमी झाला, असे त्या सारांशात होते आणि मी ते सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, ठामपणे लिहिले. सात-आठ महिन्यांनी त्याच निबंधाची लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत त्याच्या विद्यापीठाच्या भांडारात मोफत सापडली. पद्धतीच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले होते की प्रयोग कुंड्यांमध्ये, निर्जंतुक केलेल्या मातीत, काही महिन्यांच्या जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात त्या लिंबाच्या) रोपांवर झाला होता. माझ्यासमोर होती काटोलकडची काळी चिकण माती, जिच्यात जुलैमध्ये आळ्यात पाणी साचून राहते आणि पंधरा वर्षांच्या झाडाच्या बुंध्याची साल तडकून डिंक ओघळतो. त्या कुंडीचा आणि या झाडाचा संबंध जोडण्याआधी मला पूर्ण निबंध वाचायला हवा होता, आणि तो वाचता आला तो केवळ खुला होता म्हणून.

तेव्हापासून मी क्रम ठरवला आहे. आधी डीओएजे ही खुल्या जर्नलची सूची, मग पबमेड सेंट्रल हे मोफत निबंधांचे भांडार, मग भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतःची जर्नल्स, जुन्या प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ, निबंधाची मोफत प्रत शोधून देणारे अनपेवॉल ब्राउझरमध्ये, आणि तरीही न मिळाल्यास लेखकाला ईमेल. डीओएजे स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००३ मध्ये सुरू झाली. जर्नलचे संपादक मंडळ, परीक्षणाची रीत आणि परवाना तपासल्याशिवाय तिच्यात कोणाला जागा मिळत नाही, आणि तिच्यातील बहुसंख्य जर्नल्स लेखकाकडून एक पैसाही घेत नाहीत. सर, याला बाजार म्हणायचे का?

रामदासपेठी :

तुम्ही माझे म्हणणे अर्धेच उद्धृत केले आहे. मी ३४ वर्षे शिकवले आणि तितक्याच जबाबदारीने तोंडी परीक्षा घेतल्या. एका उमेदवाराच्या तिसऱ्या प्रकरणाचा सगळा डोलारा एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलमधील चार निबंधांवर होता. त्या जर्नलचा पत्ता एका निवासी इमारतीतील सदनिकेचा होता, आणि त्या चारांपैकी दोन निबंधांत एकच तक्ता, आकड्यांसह, वेगवेगळ्या पिकांच्या नावाने छापलेला होता. उमेदवाराला हे दिसले नाही, कारण त्याने ते निबंध ‘उघडले म्हणून’ घेतले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली, हे तर तुम्हाला ठाऊक असेलच. ती माझ्या कल्पनेतली नव्हती.

दुसरे, गरिबीचे कारण आता पुरे झाले. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नलची वर्गणी सरकारने भरण्याची केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून चालू आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. एवढे ताट वाढलेले असताना विद्यार्थी अजूनही फुकटच्या पंगतीत का बसतो, या प्रश्नाचे उत्तर मला हवे आहे. आणि ग्रंथालयातील बांधीव खंडांकडे तुमच्या पिढीतील कोणी वळूनही पाहत नाही, हे दुःख वेगळेच.

पुस्तकपाल :

मी ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे सरांच्या दुसऱ्या मुद्द्याला मलाच उत्तर द्यावे लागेल. ती योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खासगी महाविद्यालयांतही संशोधन केंद्रे आहेत, आणि तेथील विद्यार्थ्यांच्या पदवीवर विद्यापीठाचेच नाव असते, पण ताट मात्र त्यांच्यासमोर नाही. ही मुलगी त्यांपैकीच आहे. तिने ते दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले होते, सरांनी ते वाचायला हवे होते.

पहिल्या मुद्द्याबाबत मात्र मी सरांच्या बाजूने थोडा आहे. वाचायला मोफत असणे आणि छापायला पैसे लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्यांची सरसकट खिचडी झाली आहे. बनावट जर्नलही मोफत उघडते, कारण त्याचा ग्राहक वाचक नसून लेखक असतो. म्हणून ‘खुले आहे’ एवढ्यावर विसंबणारा विद्यार्थी फसतोच. आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा केला, त्यात ओपन ॲक्सेसवर स्वतंत्र घटक आहे. तो किती ठिकाणी संगणकासमोर बसवून शिकवला जातो आणि किती ठिकाणी सही घेऊन संपवला जातो, हे येथील प्रत्येकाने स्वतःच्या केंद्रापुरते सांगावे.

वर्धेचा वाटसरू :

आमच्याकडे सही घेऊनच संपवला. आणि विषय निघालाच आहे तर मनात साठलेले सांगतो.

माझी पीएचडीची नोंदणी आयोगाच्या २०१६ च्या नियमांखालची. प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रकाशित असणे तेव्हा बंधनकारक होते. मुदत संपत आली असताना मार्गदर्शकांनी एका जर्नलचा दूरध्वनी क्रमांक दिला. मी रात्री निबंध पाठवला, सकाळी ‘परीक्षण पूर्ण, किरकोळ सुधारणा’ असा निरोप आला, सुधारणा कोणत्या ते लिहिलेलेच नव्हते. १,८०० रुपये भरल्यावर तिसऱ्या दिवशी निबंध छापून आला, सोबत रंगीत प्रमाणपत्र. लेखकांमध्ये माझ्या आधी मार्गदर्शकांचे नाव होते. त्यांनी तो निबंध वाचलेला नव्हता, हे मी खात्रीने सांगतो, कारण शीर्षकातील चूक आजही तशीच आहे.

सर, तुमच्या पिढीने आम्हाला त्या दारात नेऊन उभे केले आणि आज तीच पिढी म्हणते की मुले बाजारात जातात. हे मला सहन होत नाही.

रामदासपेठी :

माझ्या पिढीचा सरसकट उल्लेख करू नये. मी एकाही विद्यार्थ्याला असा क्रमांक दिलेला नाही आणि कोणाच्या निबंधावर फुकटचे नाव लावलेले नाही. तुमच्या मार्गदर्शकाचा हिशेब त्यांच्याकडे मागा. शिवाय २०२२ च्या नियमांनी ती अट काढून टाकली आहे.

वर्धेचा वाटसरू :

अट निघाली, पण मुलाखतीत प्रकाशने मोजणे निघाले नाही. कागदावरची अट आणि निवड समितीसमोरची अट यांतला फरक आपणास माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

त्रिमूर्तीनगर :

१,८०० रुपयांवर एवढी चर्चा चालली आहे, तर खऱ्या, नावाजलेल्या जर्नलचा आकडाही समोर असू द्या. ‘नेचर’मध्ये निबंध खुला करायचा तर शुल्क ९,५०० युरोपासून सुरू झाले. मध्यम दर्जाच्या खुल्या जर्नलमध्येही दोन हजार डॉलर सहज लागतात. गरीब देशांतील लेखकांना अनेक प्रकाशक रिसर्च फोर लाइफ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या यादीनुसार सूट देतात, पण त्या यादीत भारत नाही. म्हणजे आपण जागतिक हिशेबात श्रीमंत आणि वसतिगृहाच्या खोलीत गरीब. माझ्या पदार्थविज्ञानाच्या निबंधाला स्वीकृती आल्यावर शुल्काचे पत्र आले, तेव्हा मार्गदर्शक आणि मी दोघेही बराच वेळ बोललो नाही. शेवटी तो वर्गणीच्या जर्नलला दिला आणि छापण्याआधीची प्रत अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर ठेवली, जे १९९१ पासून आमच्या क्षेत्रात रूढ आहे. ज्याला वाचायचे त्याला तो आज मोफत मिळतो. हा मार्ग विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

वर्गणीचे निबंध परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळाचे नाव येथे कोणी घेतलेले नाही, म्हणून मी घेतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. तोपर्यंत या शहरातील किती प्रबंधांचा आधार ते होते, हे सरांनाही ठाऊक आहे आणि पुस्तकपालांनाही.

पुस्तकपाल :

ठाऊक आहे. मी ते सुचवले नाही आणि थांबवलेही नाही.

महालकर :

तुमचे डॉलर-युरो चालू द्या, पण माझ्या विषयाचे काय? मी पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर संशोधन करते. डीओएजेमध्ये शोधून मला कामाचे काही मिळाले नाही. माझी साधने ‘युगवाणी’ या नियतकालिकाचे जुने अंक, विदर्भ संशोधन मंडळाची वार्षिके आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या हस्तपत्रिका. एका ठिकाणी जुने अंक पाहायला गेले तर छायाचित्र काढू दिले नाही, फक्त हाताने उतरवून घ्या असे सांगितले. चार दिवस जाऊन मी ७० पाने उतरवली. आणि इंग्रजीतून झाडीपट्टीवर दोन पानी काहीतरी लिहिलेले खुल्या जर्नलमध्ये आहे, म्हणून सगळे तेच उद्धृत करतात, ज्याच्या लेखकाने एकही प्रयोग रात्रभर बसून पाहिला नसावा असे त्यातल्या चुकांवरून वाटते.

सरांचे बांधीव खंडांवर प्रेम आहे ना? मग ते खंड स्कॅन करून खुले करा, असे त्यांनी कुठेतरी लिहून द्यावे. कपाटाला कुलूप लावून नंतर मुले वळून पाहत नाहीत म्हणणे योग्य नाही.

रामदासपेठी :

हे मला मान्य करावे लागेल. ज्या कपाटाविषयी मी एवढे लिहिले, त्याची किल्ली शिपाई रजेवर असला की मिळत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. खासगी केंद्रांचा मुद्दाही माझ्या लक्षात आला नव्हता, तेवढे मी मागे घेतो. त्यापलीकडे काही मागे घेत नाही.

उलट मूळ लेखिकेला थेट विचारतो. तुमच्या संदर्भसूचीत किती निबंध आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या ओळीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत तुम्ही किती वाचले आहेत? शुल्क, मुलाखती, न्यायालय हे सगळे बाजूला ठेवून या एका प्रश्नाचे उत्तर द्या. तुमचा क्रम कितीही चांगला असला तरी माझा आक्षेप नेमका तेथेच होता.

काटोल रोड :

सर, प्रश्न वाचून मला राग आला. मग रात्री सूची उघडून बसले आणि प्रत्येक नोंदीसमोर खूण करत गेले.

एकूण १४२ संदर्भ. त्यांपैकी ६८ खुल्या जर्नलमधले किंवा लेखकांनी मोफत ठेवलेल्या प्रतींचे, ते सगळे पूर्ण वाचलेले. १९ लेखकांना ईमेल करून मिळवलेले, त्यांतील १७ पूर्ण वाचले आणि दोन स्पॅनिशमध्ये असल्याने फक्त तक्ते पाहिले. १४ मित्रांच्या संस्थेतून किंवा ग्रंथालयातून. उरलेले ४१ मी सारांशापलीकडे वाचलेले नाहीत. ट्रायकोडर्माचा अनुभव घेऊनसुद्धा मी हे केले आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण हेही पाहा की त्या ४१ मध्ये खुला निबंध एकही नाही. जे उघडले ते मी वाचले आणि जे बंद होते त्याचीच मी उसनवारी केली. आपण लिहिले होते की फुकट मिळते म्हणून विद्यार्थी उथळ होतो. माझ्या सूचीत उथळपणा नेमका त्या निबंधांपाशी आहे जे फुकट मिळाले नाहीत. एका सूचीवरून सर्वांविषयी काही सिद्ध होत नाही हे मला समजते, पण येथील प्रत्येकाने आपापली सूची अशी तपासून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

त्रिमूर्तीनगर :

मी तपासली. आकडे येथे लिहिण्याची माझी तयारी नाही.

रामदासपेठी :

प्रामाणिकपणे मोजलेत, याची नोंद घेतो. तर्क मात्र अजून पुरता पटलेला नाही, कारण खुल्या ६८ मध्ये निवड तुम्ही कशी केली ते तुम्ही सांगितलेले नाही. त्या ४१ ची यादी पाठवा. १९९० पूर्वीचे भारतीय निबंध असतील तर त्यांतले काही माझ्याकडे सुट्या प्रतींच्या रूपात आहेत, लेखकांनी टपालाने पाठवलेले. डिंक्या ज्यामुळे होतो त्या फायटोफ्थोराची एक जुनी फाईल निश्चित आहे.

काटोल रोड :

यादी पाठवते आहे. त्यात १९९० पूर्वीचे नऊ आहेत. निवडीविषयी रविवारी लिहीन, कारण उद्या आणि परवा मला नरखेडला बागेत जायचे आहे, मृग बहाराच्या झाडांच्या बुंध्यांची मोजणी बाकी आहे.

पुस्तकपाल :

यादी मलाही पाठवा. सरांच्या फाईलमधील प्रती महाविद्यालयात घेऊन आलात तर मी त्या स्कॅन करून देईन. लेखकांचे हक्क कोणत्या प्रकाशकाकडे आहेत ते आधी तपासावे लागेल, आणि ज्या खुल्या ठेवता येतील तेवढ्याच ठेवू.