मदत हवी आहे: लॉकडाऊनमधला ओझोन
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी २५ मार्च २०२० नंतरची मुंबई-पुण्याची हवा तपासतेय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवरून आकडे घेतलेत. गाड्या थांबल्यावर नायट्रोजन डायऑक्साइड धाडकन खाली आला, ते ठीक. (आईला तर एवढंच आठवतं की तेव्हा गॅलरीत धूळ साचत नव्हती!) पण ओझोन (वरच्या थरातला नव्हे, जमिनीलगतच्या हवेतला, जो प्रदूषक मानतात)? हवा मोजणाऱ्या काही केंद्रांवर तो उलट वाढलेला दिसतोय. धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो, तोच घटला म्हणून असं झालं असावं, की एप्रिलच्या उन्हाचाही हात आहे? सर म्हणतात, २०१९च्या त्याच आठवड्यांशी तुलना कर. पण वारा आणि ऊन दोन्ही वर्षी सारखं थोडंच असतं! हवामानाचा परिणाम वेगळा कसा काढायचा? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे.