जुना लॅपटॉप भंगारात द्यावा की त्यावर लिनक्स टाकावे?

देशपांडे काकू (बी-२०३): नमस्कार. आमचा लॅपटॉप २०१४ सालचा आहे. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. त्यावर विंडोज ११ चढत नाही, म्हणून दुकानदाराने तो मोडीत काढायला सांगितले. मला मराठी लेखन, ई-मेल आणि नातवाशी व्हिडिओ कॉल एवढेच करायचे असते. तेवढ्यासाठी नवा घ्यावा का?

निनाद (ए-५०४): काकू, मोडीत काढू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, एवढीच अडचण आहे. यंत्र बिघडलेले नाही. लिनक्स ही विंडोजच्या जागी संगणक चालवणारी प्रणाली, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवरही चालते, ती मोफत आहे, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. शिवाय पेनड्राइव्हवर मिंट घेऊन लॅपटॉप त्यावरूनच सुरू करता येतो, त्यामुळे हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा तपासून घेता येतात. पेनड्राइव्हवरून ते संथ वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

जोशी काका (सी-१०१): माझ्या भाच्याने हाच उद्योग केला आणि दहा वर्षांचे फोटो गमावले. वर प्रिंटरही चालेना.

निनाद (ए-५०४): काका, फोटो जातात ते बहुधा मिंट बसवतानाच्या एकाच पडद्यावर. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडून पुढे गेले की विंडोज आणि सगळ्या फायली पुसल्या जातात, म्हणून त्याआधी सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवून, त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. प्रिंटरचे म्हणणे मात्र खरे आहे. काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात, तेव्हा तोही पेनड्राइव्हवरूनच जोडून पाहावा. टॅली (हिशोबाचे सॉफ्टवेअर) किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन रोज वापरणाऱ्यांनी या वाटेला न गेलेले बरे, आणि सोसायटीच्या हिशोबाच्या संगणकावर मी हा प्रयोग करणार नाही.

देशपांडे काकू (बी-२०३): मराठी टंकलेखनाचे काय? माझी जुनी पत्रे युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत.

निनाद (ए-५०४): इनस्क्रिप्ट हा मराठीचा प्रमाण कळफलक सेटिंग्जमध्ये मिळतो. जुन्या पत्रांसाठी त्या फॉन्टची फाइल विंडोज असतानाच उतरवून ठेवा, नाहीतर नुसती रोमन अक्षरे दिसतील. खरे सांगायचे तर जुन्या लॅपटॉपचा मंदपणा बऱ्याचदा फिरत्या हार्ड डिस्कमुळे असतो. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली तर फरक लगेच जाणवेल, आणि जुनी डिस्क काढून जशीच्या तशी जपूनही ठेवता येईल. रविवारी मी येतो. निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह ठेवा, पण त्यातले सगळे पुसले जाईल.

देशपांडे काकू (बी-२०३): बरे झाले सांगितलेस, माझ्या पेनड्राइव्हमध्ये भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे आहेत. ती आजच उतरवून घेते.