एफवायच्या मुलांसाठी व्यसनप्रतिबंधाची चार सत्रं: भाषण आणि शपथ सोडून काय घ्यावं?

एनएसएस_मॅडम
तालुक्याच्या ठिकाणचं वरिष्ठ महाविद्यालय आहे. एफवायला साधारण २४० मुलं-मुली, शिवाय मुलांचं एक वसतिगृह. दरवर्षी २६ जूनला ठरलेला कार्यक्रम होतो: शपथ, पोस्टर स्पर्धा, पोलीस ठाण्यातून एक व्याख्यान. त्या तारखेला एफवायचे प्रवेशसुद्धा पूर्ण झालेले नसतात, त्यामुळे टाळ्या वाजवायला एसवाय-टीवायच. या वर्षी प्राचार्यांनी ऑगस्टमध्ये प्रत्येक तुकडीला पाऊण तासाची चार सत्रं दिली आहेत. खर्चाला जवळपास काहीच नाही. दारूबद्दल बोलताना 'किती' हा विषय काढला की स्टाफरूममध्ये आक्षेप येतो, "म्हणजे तुम्ही प्यायला शिकवणार का?" चार सत्रांत नेमकं काय घ्यावं? आणि रेक्टर सर लघवीतून नशा तपासायचे युरिन किट मागवू म्हणतायत, त्याचं काय?

समुपदेशक_नाशिक
मॅडम, ऑगस्ट उत्तम. गणपतीची मिरवणूक, फ्रेशर्स, गॅदरिंग, थर्टीफर्स्ट सगळं त्यानंतर येतं.

आधी काय काढून टाकायचं ते सांगतो. सडलेल्या यकृताचे फोटो, पुड्यांचं प्रदर्शन, 'मी कसा बरबाद झालो' छापाचं कथन. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रतिबंध-मानकांत (२०१३, सुधारित २०१८) भीती घालणं आणि अशी कथनं निरुपयोगी, काही वेळा उलटणारी म्हणून नोंदवलीत. कारण साधं आहे. १८ वर्षांच्या मुलाला ३० वर्षांनी होणारा सिरोसिस आपला वाटत नाही, आणि हॉस्टेलवरचा 'रोज घेणारा' दादा डोळ्यासमोर धडधाकट फिरत असतो. एकदा फोटो खोटा वाटला की पुढचं सगळंच खोटं.

पहिल्या सत्रात निनावी चिठ्ठी घ्या, दोनच प्रश्न. "गेल्या ३० दिवसांत तू किती दिवस दारू प्यायलास किंवा प्यायलीस?" आणि "तुझ्या वर्गातल्या १० जणांपैकी किती जण महिन्यातून एकदा तरी पितात असं तुला वाटतं?" पहिल्यात निदान एक दिवस लिहिणारे दहात किती ते काढा; दुसरा आकडा बहुधा त्यापेक्षा बराच फुगलेला निघतो. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजात असंच दाखवलं. 'सगळेच घेतात' या समजुतीखाली न घेणारा स्वतःला एकटा समजतो. ही फट फळ्यावर दिसली की वर्गात एक वेगळीच शांतता होते, ती पाच मिनिटं तशीच राहू द्या.

हे कुठे फसतं? चिठ्ठीवर शब्द लिहायला लावले की अक्षर ओळखू येतं, म्हणून फक्त आकडा. १५-२० जणांच्या छोट्या तुकडीचा निकाल वेगळा सांगू नका. खरा आकडाच मोठा निघाला तर तो फळ्यावर लावू नका, उलटा परिणाम होईल. आणि या आकड्यावरच सगळी भिस्त ठेवू नका, एकट्याने त्याचा परिणाम थोडाच.

मोजमाप_वाला
"प्यायला शिकवणार का" या आक्षेपाला उत्तर हिशेबात आहे.

भारतात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल धरतात. सूत्र: मिलिलिटर × टक्के ÷ १०० × ०.७९. व्हिस्की-रम ४२.८ टक्के, म्हणून ३० मिलीचा पेग साधारण १० ग्रॅम. आता १८० मिलीची क्वार्टर: ६१ ग्रॅम, म्हणजे सहा ड्रिंक्स. ६५० मिलीची ८ टक्के स्ट्राँग बिअर: ४१ ग्रॅम, चार ड्रिंक्स. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा एका बाटलीत चार पेग रिचवतो, आणि हे त्याला खरोखर माहीत नसतं.

यकृत तासाला साधारण एक ड्रिंक संपवतं, बऱ्याच जणांचं त्याहून हळू. ६० किलोच्या मुलाने रात्री १२ पर्यंत क्वार्टर संपवली तर ढोबळ हिशेबाने रक्तात १०० मिलीला १५० मिलिग्रॅम. गाडी चालवण्याची मर्यादा ३०. तासाला १५ ने उतरतं धरलं तरी ३० वर यायला सकाळचे ८ वाजतात. साडेसातच्या प्रॅक्टिकलला स्कूटीवरून येणारा 'रात्रीच उतरली' समजत असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून त्याच वजनाला, तेवढ्याच पेगला त्यांच्या रक्तातली पातळी जास्त चढते.

प्रयोग: कोऱ्या चहाचं गार पाणी बाटलीत भरा, स्टीलचे आणि प्लास्टिकचे वेगवेगळ्या आकाराचे ग्लास ठेवा. सहा जणांना "एक पेग ओत" म्हणा. मग प्रत्येकाचा ग्लास मोजपात्रात रिकामा करा. ३० च्या जागी ५०-६० सहज निघतं, रुंद ग्लासात तर हमखास. स्टाफरूमला हाच प्रयोग आधी करून दाखवा.

समुपदेशक_नाशिक
वरच्या मुद्द्याला जोडून. ऑडिट ही जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची चाचणी दुसऱ्या सत्रात द्या, पण *मोजमापानंतरच*. तिच्यात 'पिता त्या दिवशी किती ड्रिंक्स घेता' असा प्रश्न आहे. स्ट्राँगच्या बाटलीला 'एक' धरणाऱ्याचा गुण तिथेच घसरतो आणि कागद सांगतो की सगळं ठीक आहे.

कागद गोळा करायचा नाही. गुण ज्याचा त्याने काढायचा, कागद घरी न्यायचा. ८ च्या खाली धोका कमी, ८ ते १५ धोक्याचं पिणं, १६ ते १९ नुकसान सुरू, २० आणि वर म्हणजे अवलंबन असण्याची शक्यता, तिथे डॉक्टर हवा. ८ ते १५ वाल्याला उपदेश नको. एक प्रश्न पुरतो: "कमी करावंसं वाटतं हे ० ते १० मध्ये किती?" तो ३ म्हणाला तर "३ का, ० का नाही?" असं विचारा. मग कारणं तो स्वतःच सांगतो. "१० का नाही?" विचारलंत की तो न सोडण्याची कारणं सांगत बसेल. एवढाच फरक, पण सगळं त्याच्यावर आहे.

शपथेबद्दल एक गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन त्याच दिवशी बंद केली तर ६ ते ४८ तासांत हातापायांना कंप, कधी फिट, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. जिवावर बेततं. अशाने डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची, हे शपथेच्या व्यासपीठावरून कुणी सांगत नाही.

तिसरं सत्र नकाराच्या सरावाचं. तिघांचा गट: एक आग्रह करणारा, एक नको म्हणणारा, एक बघणारा. चार मिनिटं, मग अदलाबदल. आग्रहाची वाक्यं मुलांकडूनच घ्या, ती आपल्याला सुचत नाहीत: "एकाने काय होतंय", "बर्थडे आहे त्याचा", "कॉन्ट्री दिलीयस ना?" कारण दिलं की वाद सुरू होतो, प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोड असते. म्हणून एकच छोटं वाक्य, तेच परत, आवाज न चढवता. अपवाद एकच: "गाडी मी चालवणार आहे." त्यात सगळ्यांचाच फायदा असल्यामुळे ते कुणी खोडत नाही. हातात आधीच लिंबू-सोडा असला तर निम्मे आग्रह होतच नाहीत. टुन्न झाल्याचा अभिनय मात्र कुणाला करू देऊ नका, सत्राचं गॅदरिंग होतं.

वकील_काळा_कोट
कायद्याचं थोडक्यात, कारण मुलांत अफवा फार. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१, व्हिस्की-रमसाठी २५. म्हणजे एफवायचा वर्ग सरसकट बाहेर.

"एक किलोच्या आत गांजा चालतो" ही सगळ्यात पसरलेली चूक. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' आहे, म्हणजे शिक्षा कमी (१ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही), गुन्हा आहेच. एमडीचं (मेफेड्रोन) अल्प प्रमाण फक्त २ ग्रॅम आणि ५० ग्रॅमवर व्यापारी प्रमाण, तिथे किमान १० वर्षं. वर्गणी काढून चौघांसाठी माल आणणारा कायद्याच्या नजरेत नुसता ओढणारा राहत नाही, हे ठासून सांगा. 'मी विकत नव्हतो' हा बचाव तिथे लंगडा पडतो.

आणि जे कुणी सांगत नाही ते कलम ६४अ: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला गेला आणि ते पूर्ण केले, तर खटल्यातून सूट मिळू शकते. व्याख्यानाला येणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना पुड्या आणायला न सांगता या कलमावर बोलायची विनंती करा.

सीएमओ_रात्रपाळी
चौथं सत्र माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तेच नेहमी वगळलं जातं: मित्र पडला तर काय.

धोक्याच्या खुणा: चिमटा काढूनही जाग नाही, मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त अंतर, ओठ निळसर, अंग गार, बेशुद्धीत उलटी. यातली एक जरी दिसली तरी १०८. तोपर्यंत डाव्या कुशीवर, वरचा गुडघा पुढे वाकवलेला, तोंड जमिनीकडे किंचित कललेलं, म्हणजे उलटी बाहेर जाईल. एक जण सतत शेजारी. हे वाचून येत नाही, सतरंजीवर प्रत्येकाकडून करून घ्या.

करायचं नाही ते: लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, मिठाचं पाणी पाजून उलटी. "झोपू दे, उतरेल" हे सगळ्यात घातक, कारण शेवटच्या पेगनंतरही पोटातली दारू रक्तात जात राहते आणि पातळी आणखी चढते. दारूवर बटन किंवा कुत्ता गोळी, म्हणजे झोपेच्या-शांततेच्या गोळ्या, घेतल्या असतील तर श्वास दाबला जातो. पाकीट सोबत आणा, आम्हा डॉक्टरांना त्याची खरी मदत होते. हातभट्टीची प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं तर तो हँगओव्हर नाही, मिथेनॉल असू शकतं. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती त्यानेच.

फोन न करण्याचं खरं कारण रेक्टरची भीती. म्हणून वसतिगृहाच्या नियमांत लेखी घाला: मदत बोलावणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावर त्या रात्रीसाठी शिस्तभंगाची कारवाई नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तसा कायदाच आहे.

युरिन किटचं म्हणाल तर पैसे वाचवा. रोज गांजा ओढणाऱ्याने तीन आठवड्यांपूर्वी सोडला असला तरी तो सापडेल, काल रात्री एमडी घेतलेला सुटेल, कारण साध्या किटमध्ये एमडीची पट्टीच नसते. दारू काही तासांत निघून जाते, हुंगलेला व्हाइटनर दिसतच नाही. खोकल्याच्या औषधातलं कोडीन अफूच्या पट्टीवर दिसतं, आणि खसखस भरपूर खाल्ली तरी. दिवाळीच्या सुट्टीहून डबाभर अनारसे घेऊन आलेल्या मुलाला तुम्ही काय विचारणार?

एनएसएस_मॅडम
सगळ्यांचे आभार. क्रम असा लावते: चिठ्ठ्या आणि मोजमाप, ऑडिट, नकाराचा सराव, शेवटी आपत्कालीन आणि कायदा. फलकावर १४४४६ (नशामुक्ती), १४४१६ (टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी) आणि १०८ लावते. मोजपात्रं रसायनशास्त्राच्या लॅबमधून मागवते.

मोजमाप_वाला
लॅबची नकोत मॅडम. चहाचं पाणी आहे म्हटल्यावर एखादा गंमत म्हणून पिऊन दाखवणारच, आणि त्या पात्रांत आधी काय होतं कोण जाणे. मेडिकलमध्ये सिरपवरची खुणांची टोपणं मिळतात, १० आणि १५ मिलीच्या रेघा असतात, ती घ्या. आणि आपत्कालीन सत्र शेवटच्या दिवशी ठेवू नका, त्या दिवशी निम्मा वर्ग गावाला गेलेला असतो.